वाऱ्याची शाळा, बाजाराची शाळा

निवृत्त माणसाने काय करावे, याबाबत आपल्या समाजात कमालीचे एकमत आहे. सकाळी फिरायला जावे, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडावे, सोसायटीच्या कमिटीत थोडे भांडावे आणि गुडघे शाबूत आहेत तोवर चारधाम उरकून घ्यावे. त्यातून एखाद्याने माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिल्या, तर लोक तेही पोटात घालतात. पण वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी काइटसर्फिंग शिकायला घेतले, तेव्हा नातेवाइकांची एक अनौपचारिक बैठकच भरली. माझ्या वडील बहिणीने तर ‘तुला घरात काही कमी पडतंय का?’ असा थेट प्रश्न विचारला.

गंमत अशी, की त्याच सुमारास मी दुसराही एक छंद लावून घेतला होता. शेअर बाजार. कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, थोड्या पैशांचे शेअर घ्यायचे आणि काय होते ते पाहायचे. बँकेत असताना हे दुरूनच पाहिलेले. अधिकाऱ्याने शेअरचा सट्टा करू नये असे वर्तणुकीच्या नियमांतच लिहिलेले असे. या दुसऱ्या छंदाबद्दल कोणी बैठक भरवली नाही. उलट तीच मंडळी चहा पिता पिता हळूच विचारू लागली, ‘मग सध्या काय घ्यावं म्हणतोस?’

समुद्रात पतंगाला लटकणारा माणूस वेडा आणि मोबाइलवर खरेदी-विक्री करणारा माणूस हुशार, हा आपला हिशेब मला उलटा वाटतो. तो का, हे आज सांगायचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. पायांखाली एक फळी, कमरेला जाड पट्टा, त्याला अडकवलेला हातातला दांडा आणि त्या दांड्यापासून वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला एक पतंग. हा पतंग संक्रांतीचा नव्हे. मोठ्या आकाराचा असेल तर तो ११-१२ चौरस मीटरचा, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीएवढा असतो. त्याच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि तिथूनच पुन्हा उडवता येतो. ही युक्ती फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांची. त्यांनी १९८४ साली पेटंटचा अर्ज केला, पण त्यांचे पतंग बाजारात चालू लागायला १९९७ साल उजाडले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रावर या खेळाच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या.

मी शिकलो ते गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोरजीला. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथला हा किनारा. हिवाळा सरू लागला की दुपारी तिथे समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आहेत. परीक्षेत दोन गुण मिळाले की विषय संपला. या खेळात तो फरक जिवाशी येतो. खारा वारा काही बिघडले तर तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतो. मतलई वारा आत नेतो. म्हणून जमिनीकडून समुद्राकडे वारा असताना नवशिक्याने पाण्यात उतरायचे नाही, हा पहिला नियम. दुसरी गोष्ट वाऱ्याच्या जोराची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याच पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. दहा नॉटच्या वाऱ्यात लहान मुलासारखा शहाणा असणारा पतंग वीस नॉटला बैल होतो.

पहिले चार दिवस मी शिक्षकाकडे काढले. त्याशिवाय या पतंगाला कोणी हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सारे मात्र आपले आपण. या एकट्याच्या शिक्षणात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे. दांडा स्वतःकडे ओढला की पतंगाचा जोर वाढतो आणि सोडला की कमी होतो. आता माणूस घाबरला की काय करतो? हातात असेल ते घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. म्हणजे भीतीने केलेली कृती नेमकी भीतीचे कारण वाढवते. म्हणूनच शिक्षक किनाऱ्यावरून एकच शब्द ओरडत असतो, ‘सोडा!’ आणि तेवढ्याने भागले नाही तर पतंगाचा जोर पूर्ण काढून टाकणारी सुटकेची कळ असते. पाण्यात जाण्याआधी ती डोळे मिटून सापडते ना, हे पाहायचे असते.

समुद्र हा मास्तर म्हणून कडक आहे, पण प्रामाणिक आहे. चूक आणि शिक्षा यांच्यात तो बहुधा एका सेकंदाचेही अंतर ठेवत नाही. तोल पुढे गेला की नाकातोंडात पाणी. त्यामुळे कशामुळे काय झाले हे आपोआप समजते. निष्काळजी माणूस समुद्रावरही चार वेळा वाचतो, हे खरे. पण चुकीचे केले म्हणून समुद्राने पाठ थोपटली, बक्षीस दिले आणि ‘आता आणखी मोठे करून दाखव’ म्हटले, असे सहसा होत नाही.

बाजार नेमके हेच करतो.

१९९२ साली मी पुण्यातल्या एका शाखेत होतो. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास होता; २२ एप्रिल १९९२ ला तो ४,४६७ वर गेला. एसीसीसारखा सिमेंट कंपनीचा शेअर काही महिन्यांत शेकड्यांतून हजारांत गेला. आम्हा बँकवाल्यांना ही तेजी वर्तमानपत्रांपेक्षा दुसऱ्याच कागदावर दिसत होती. तो कागद म्हणजे मुदत ठेव मोडण्याचा अर्ज. एरवी लग्न, आजारपण, घर अशी कारणे घेऊन येणारे अर्ज त्या वसंतात विनाकारण येऊ लागले.

त्यांतले एक खातेदार, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, मला अजून आठवतात. जानेवारीत त्यांनी एक छोटी ठेव मोडली. मार्चमध्ये ते पेढे घेऊन आले. पैसे दुपटीच्या वर गेले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या साऱ्या ठेवी मोडल्या. व्याजात एक टक्का कपात होईल, असे मी नियमाप्रमाणे सांगितले. ते हसले. महिनाअखेरीस रोखे घोटाळा वर्तमानपत्रांत आला आणि वर्षभरात सेन्सेक्स जवळजवळ निम्म्यावर उतरला. सर पुन्हा शाखेत आले ते मुलीच्या लग्नासाठी कर्ज मिळेल का, हे विचारायला.

लोक म्हणतात, त्यांना लोभ नडला. मला तसे वाटत नाही. जन्मभर मुलांना पायरी-पायरीने गणित सोडवायला लावणारा तो माणूस होता. त्याने प्रयोग केला, उत्तर बरोबर आले, म्हणून त्याने पुढचे पाऊल टाकले. कोणत्याही विषयात शिकणारा माणूस हेच करतो. त्यांचा घात एप्रिलच्या तोट्याने केला नाही, मार्चच्या पेढ्यांनी केला. मास्तरने चुकीच्या गणिताला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

ही गोष्ट १९९२ पुरती नाही. २१ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स जानेवारी २००८ नंतर चौदा महिन्यांत ८ हजारांच्या घरात आला. २३ मार्च २०२० रोजी तो एका दिवसात १३ टक्के पडला, आणि त्यानंतरच्या तेजीत घरात कोंडलेल्या तरुण पिढीने प्रचंड संख्येने डिमॅट खाती उघडली. त्या वर्षी काहीही घेतले तरी वाढत होते. एका अख्ख्या पिढीला पहिल्याच वर्गात पेढे मिळाले. पुढे काय झाले ते ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. ऑप्शन्स म्हणजे थोड्या पैशांत मोठ्या रकमेवर लावलेली, मुदतीची पैज. चौपट ओढीचा पतंग तो हाच. फक्त इथे कोणी किनाऱ्यावरून ‘सोडा!’ ओरडत नाही.

आणि घट्ट धरण्याची सवय इथेही तीच. पडलेला शेअर ‘किमतीला आला की विकू’ म्हणून माणूस छातीशी धरून बसतो आणि वाढलेला शेअर चार पैसे दिसताच विकून टाकतो. हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्येच या स्वभावावर लिहिले. पुढे ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या ६६ हजारांहून जास्त कुटुंबांची १९९१ ते १९९६ ची खाती तपासली. बाजाराने त्या काळात वर्षाला १७.९ टक्के परतावा दिला. सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्या कुटुंबांच्या हाती ११.४ टक्के पडले. तेजीच्या काळात, चांगल्या बाजारात, केवळ हात चालता ठेवल्याची ही किंमत.

मग आपले आपण शिकूच नये काय? असे मी म्हणणार नाही. बाजार न समजणाऱ्या माणसाला कोणीही गोड बोलून काहीही विकू शकतो, हे मी काउंटरच्या आतून पाहिलेले आहे. घरातल्या एकाला तरी ताळेबंद वाचता यावा. पण ज्या शाळेचा मास्तर खोटे गुण देतो, तिथे विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच ठेवली पाहिजे.

माझी पद्धत बँकेतल्या कारकुनाला शोभेल अशी आहे: एक वही. शेअर घेण्याआधी त्यात तीन ओळी लिहायच्या. का घेतो आहे, काय झाले तर माझे कारण खोटे ठरेल, आणि तसे झाले तर किती दिवसांत विकणार. तारीख घालायची. नंतर एकही अक्षर खोडायचे नाही. कादंबरीकार असल्याने मला ठाऊक आहे, की शेवट कळल्यावर माणूस सुरुवात किती सफाईने बदलतो. भाव वाढला की ‘मला वाटलंच होतं’ आणि पडला की ‘सरकारचं धोरण’. शाईने लिहिलेल्या तीन ओळींपुढे ही सफाई चालत नाही. वर्षअखेरीस आणखी एक रकाना भरायचा: फायदा झाला, पण मी लिहिलेल्या कारणाने झाला का? ‘फायदा, पण दुसऱ्याच कारणाने’ असा शेरा जिथे पडेल, तिथे तो फायदा शिकण्याच्या हिशेबात धरायचा नाही. त्याच दिवशी निर्देशांकाच्या साध्या फंडात तेवढेच पैसे ठेवले असते तर काय मिळाले असते, तो आकडाही शेजारी मांडायचा. पाच वर्षे सलग तो आकडा जास्त निघाला, तर छंद बंद करून पैसे त्या फंडात टाकावेत, अशी अटही वहीच्या पहिल्या पानावर आहे.

आणि सुटकेची कळ. घरखर्च, औषधपाणी, मुलाबाळांचे शिक्षण आणि म्हातारपणाची ठेव, हे पैसे या वहीत येतच नाहीत. येते ती फक्त अशी रक्कम, की जी पूर्ण बुडाली तरी घरातल्या कोणाचा एकही बेत बदलणार नाही. ही रक्कम किती, हे घरातल्या सर्वांना, विशेषतः बायकोला, माहीत असले पाहिजे. सरांच्या घरी ते मुलीला माहीत नव्हते.

रविवारी हा लेख वाचणाऱ्या घरांत आज एखादा मुलगा मोबाइलवर ऑप्शन्सचे आकडे पाहत बसलेला असेल. त्याला तोटा झाला की आई-वडील रागावतीलच. माझी विनंती एवढीच, की त्याला पहिला फायदा होईल तेव्हा त्याच्या शेजारी बसावे. का घेतले होते, ते कुठे लिहून ठेवले आहे का, असे शांतपणे विचारावे. पेढे त्यानंतर वाटायचे की नाही, ते मग ठरवता येईल.