लेप्टिन मोजा, पण प्रश्न माणसांकडून घ्या

लठ्ठपणाशी निगडित एखादे प्रथिन उंदराच्या पेशींत वाढलेले दिसले, की ‘लठ्ठपणाचे मूळ सापडले’ अशी बातमी छापून येते. प्रत्यक्षात असे प्रथिन मोजण्याचे काम चिकाटीचे आणि बरेचसे धुण्याधाण्याचे असते. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ते प्रथिन पकडणारी प्रतिपिंडे तळाला चिकटवलेली असतात. पेशींचा द्रव ओतला की प्रथिन तिथे अडकते आणि बाकीचे धुऊन जाते. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड येते, रंगद्रव्य निळे होते आणि आम्ल टाकताच पिवळे. रंग जितका गडद, तितके प्रथिन जास्त. १९७१ पासून प्रचलित झालेल्या या ‘एलायझा’ चाचणीवर माझा आक्षेप नाही. तो आहे तिच्या आकड्यावरून थेट माणसाच्या पोटावर उडी मारण्यावर.

चरबीपेशींतून स्रवणाऱ्या आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिन या प्रथिनाचेच बघा. १९९४ साली त्याचे जनुक सापडले. ज्या जातीच्या उंदरांत लेप्टिन बनतच नव्हते, ते इंजेक्शन देताच बारीक झाले. औषध हाती लागले असे वाटले. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर निघाले. शरीर त्याला दाद देत नव्हते, एवढेच. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या रुग्णांना मात्र इंजेक्शनचा मोठा फायदा झाला. पेशींची गत आणखी वेगळी. प्रयोगशाळांची आवडती ‘३टी३-एल१’ ही उंदराची चरबीपेशी बशीत वाढवली, तर जिवंत उंदराच्या चरबीच्या तुलनेत फारच कमी लेप्टिन बनवते. आकडा खरा असतो, पण तो बशीतल्या पेशीचा असतो.

यावर कोणी म्हणेल, माणसांत आहार, वय, कष्ट असा सगळा गुंता. एक गोष्ट बदलून परिणाम पाहायचा तर पेशीच हवी. हे मान्यच आहे. कोणती गोष्ट बदलायची, हे मात्र पेशी सांगत नाही. ते पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, तरी पाठीवरच्या चरबीत तेवढी तूट नव्हती. बारीक दिसणारी पण चरबी राखणारी ही बाळे. २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याशी छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्त कोणाची, हे सांगायला नको. उंदराच्या पेशीकडून हा प्रश्न सुचला नसता.

दुसरा आक्षेप पैशांचा: गावोगावी मोजमाप करणार कोण? अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीसारख्या गावात एलायझाचे यंत्र पोचवा, असे कोणी म्हणत नाही. तिशीपुढच्या लोकांसाठी आशाताई भरतात त्या फॉर्मात कमरेच्या घेराचा रकाना आहेच. पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटरपुढे गुण वाढतात. टेप त्यांच्याकडे आहे, माणसे समोर आहेत. ती माहिती अहवालात पडून राहण्याऐवजी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांपर्यंत पोचावी आणि कृश अंगाच्या, घेर वाढलेल्या मराठवाड्यातल्या बाईच्या रक्तात कोणते प्रथिन शोधायचे, हे त्यातून ठरावे. उंदराची पेशी त्यानंतर मागवावी.