कॉलर नको, अस्तर बघा!

रविवारी बाइक काढून मोरगावच्या मयूरेश्वराला निघताय? अंगात अमेरिकेहून आलेलं काकांचं जुनं लेदर जॅकेट? मग आधी ते कुणी बनवलं, ते शोधा! अस्तरावरची पट्टी बघा. ‘आरएन’ आणि पुढे आकडा असेल, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या यादीत कंपनीचं नाव फुकटात मिळतं. चेनवरच्या ‘वायकेके’ला मात्र फसू नका, ते फक्त चेन बनवणाऱ्याचं नाव. आणि हो, आरएनवाली कंपनी नुसती आयात करणारीही असते. पट्टीवर ‘मेड इन इंडिया’ दिसलं, तर शिवणारे हात कदाचित आपल्या धारावीतले! त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. मित्रांना ब्रँड जरूर सांगा, पण शिवणीलाही दाद द्या.