कांद्याच्या पाण्याचे मोल

‘पैसे वसूल झाले का?’ हा प्रश्न आमच्या लोकांनी देवळापासून तमाशापर्यंत सगळीकडे नेला आहे. पण तो पानावर आला की माझे डोके फिरते. मुंबईतल्या एका फ्रेंच पद्धतीच्या हॉटेलात एका स्नेह्यांनी मला जेवायला नेले. कांद्याचे सूप आले. पहिल्याच घोटाला ते म्हणाले, “मास्तर, हे तर कांद्याचे पाणी! एवढे पैसे कशाचे?”

कशाचे ते सांगतो. कांदा मंद आचेवर तासभर ढवळत बसावे लागते, तेव्हा कुठे तो तांबूस आणि गोड होतो. घाई केली की करपलाच. हाडांचा रस्सा त्याहून अधिक वेळ खातो. वर शिळा पाव आणि चीज. हे काही राजेरजवाड्यांचे अन्न नव्हे. शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून गरिबाने काढलेली ती तोड आहे. जून कोंबडा दारूत शिजवून मऊ करण्याची त्यांची प्रसिद्ध तऱ्हाही त्याच कुळातली. ‘रेस्टॉरंट’ हा शब्दच मुळी अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशक्ताला तरतरी आणणाऱ्या रश्शाला लावीत. फ्रेंच माणसाला आपल्या चुलीची लाज वाटली नाही, आणि २०१० साली युनेस्कोने त्याच्या भोजनाची रीत मानवजातीच्या वारशात नोंदवली.

शिवाय त्यांच्या देशात दरपत्रक दाराबाहेर लावावे लागते, जेवणाबरोबर पाव आणि साधे पाणी फुकट असते, वाढप्याची मजुरी दरातच धरलेली असते. आमच्याकडे त्यांची पाककृती आली, हा सभ्यपणा तेवढा बंदरावरच राहिला! पाण्याची बाटली निराळी, आणि बिलाच्या तळाशी ‘सेवा आकार’. तो परस्पर लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली बजावले; २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आमच्या बिलात तो होताच. कांद्यावर कुरकुरणाऱ्या स्नेह्यांनी तो निमूटपणे भरला, वर बक्षिशीही ठेवली.

हेच गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे सुरगाण्याला आले होते. बाजारात एका बाईने त्यांना चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी वाढली. राब भाजायचा, रोप करायचे, भर पावसात डोंगरउतारावर लावणी करायची, मग कापणी, मळणी, दळण; त्यानंतर ती भाकरी. स्नेह्यांनी तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस केली! २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा हीच नागली बड्या हॉटेलांत बशीत मिरवत होती. तिथे कोणी घासाघीस केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लासलगाव आमच्याच जिल्ह्यात. भाव पडला की तिथला शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो, तोही यांना स्वस्त झाला म्हणून गोडच लागतो.

ते पुन्हा येणार म्हणतात. यावे. दर बाई सांगेल तो, आणि पैसे मोजताना मी त्यांना तोंड उघडू देणार नाही.