बास नको, शब्द ऐकू द्या!

पाचशेचे इअरफोन घ्यावेत की तीन-चार हजारांचे, असा प्रश्न आपली तरुण मंडळी करतात. आम्ही उलट विचारतो, ऐकायचं काय आहे?

वामनदादा कर्डकांच्या गाण्यात विचार शब्दांतून पोहोचतो. स्वस्त इअरफोनपैकी बरेच मात्र बास फुगवून विकले जातात. ढोलकी दणदणते, गायकाचा आवाज दबतो. जयंतीतला डीजे वस्तीत जे करतो, तेच हे कानात करतात! मधल्या किमतीत आवाज, पेटी, कोरस वेगवेगळे ऐकू येण्याची शक्यता वाढते. पण किंमत म्हणजे हमी नव्हे. खोक्यावरचे '20 ते 20,000 हर्ट्झ' हा माणसाच्या श्रवणाचा सर्वसाधारण पल्ला आहे, दर्जाचा पुरावा नाही. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यात जे मुद्रितच झालं नाही, ते महागडा इअरफोनही आणू शकत नाही.

म्हणून ओळखीचं भीमगीत लावून पाहा. प्रत्येक शब्द कळला, तर पाचशेचा वायरवाला पुरे. उरलेल्या पैशांत बाबासाहेबांचे ग्रंथ घ्या. महाग वस्तू मिरवण्यात स्वाभिमान नाही, समजून निवडण्यात आहे.

आणि एक लक्षात ठेवा: जलशाचं गाणं एकट्याच्या कानासाठी जन्मलं नव्हतं. ऐकलेलं वस्तीत गा.

जयभीम!