तयार टिपणांचे कैवारी

मजकूर वाचून त्यातला गाभा वेगळा काढणे, तो स्वतःच्या शब्दांत थोडक्यात लिहून ठेवणे आणि काही दिवसांनी पुस्तक न उघडता तो आठवून पाहणे, ही अभ्यासाची तीन मूळ कामे. शालेय अभ्यासक्रमात त्यांना जागा नाही असे नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहायला सांगतात. मात्र हा प्रश्न पत्रलेखनाला पर्याय म्हणून येतो. पत्राचा साचा पाठ करता येतो, सारांशाचा येत नाही. त्यामुळे सारांश शिकवण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत टिपण काढण्यावर स्वतंत्र घटक आहे. म्हणजे टिपण कसे काढायचे हे मुलाला शाळा संपल्यावर कळते, आणि तेही इंग्रजीच्या तासाला.

तोवर त्याचे काम दुसऱ्याच्या टिपणांवर भागते. उमेळे, नायगाव, वसई रोड या पट्ट्यात परीक्षेचे दिवस जवळ आले की झेरॉक्सच्या दुकानांत नोट्सचे गठ्ठे फिरू लागतात. एकाच हस्ताक्षरातली तीच पाने, तीच अधोरेखिते आणि तीच चूकसुद्धा घरोघरी जाते.

ही अवस्था उत्तम आहे असे मानणारा एक पक्ष आहे. त्यात शिक्षक आहेत, क्लासवाले आहेत, आणि स्वतः एकेकाळी बरे गुण मिळवलेले पालक तर आघाडीवर आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अभ्यास कसा करावा ही शिकवायची गोष्ट नाही. हुशार मुलाला ते आपोआप येते, बाकीच्यांना शिकवून उपयोग नसतो. शिवाय वेळ नाही. पोर्शनच पुरा होत नाही. शिक्षकाने चांगल्या नोट्स काढून द्याव्यात, मुलांनी त्या पाठ कराव्यात. आणि या सगळ्यावर हुकमाचा एक्का: आमच्या वेळी कोणी शिकवले होते?

वेळेचा मुद्दा लवकर मिटतो. फळ्यावरच्या नोट्स मुकाट्याने उतरवून घेण्यात अर्धा तास जातो, तेव्हा वेळेची आठवण कोणाला होत नाही. हुशारांना आपोआप येते हेही काही अंशी खरे आहे. बावखलात ढकललेल्यांपैकी काही जण हातपाय मारत काठाला लागतात. म्हणून पोहायला शिकवू नये, असा निष्कर्ष वसईत अजून कोणी काढलेला नाही.

‘आमच्या वेळी’ हा मुद्दा मात्र सवडीने पाहण्याजोगा आहे, कारण तो इतिहास म्हणून सांगितला जातो आणि इतिहास म्हणूनच तो खोटा आहे. या मातीत अभ्यासाची रीत शिकवण्याची परंपरा जेवढी जुनी तेवढीच काटेकोर आहे. वेदपाठशाळेत संहिता आली की काम संपत नसे. तेच शब्द पदपाठात सुटे करायचे, क्रमपाठात जोडीजोडीने म्हणायचे, मग जटा आणि घन यांत उलटसुलट फिरवायचे. एखादा शब्द निसटला वा स्वर चुकला तर तो या फेरफारात पकडला जाई. मुलगा आपोआप घनपाठी होईल या आशेवर कोणी बसले नव्हते. गावठी शाळेत पंतोजींच्या हातात छडी होती हे सगळ्यांना आठवते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही चढण कोणत्या क्रमाने चढायची हे त्यांनीच ठरवून दिलेले होते, हे विसरले जाते. धूळपाटीवर गिरवणे, पुसणे, पुन्हा लिहिणे हीसुद्धा रीतच होती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळींत अंतर कसे राखावे, तरुणपणी फार बारीक लिहू नये, पानाभोवती जागा सोडावी, लेखण्या आणि शाई कशी असावी, इथवर तपशील त्यात आहे. कोऱ्या जागेमागचा हेतू पान झडले तरी अक्षर झडू नये हा होता. परमार्थाच्या ग्रंथाला समासाची रुंदी सांगण्यात कमीपणा वाटला नाही. आजच्या इयत्ता आठवीला तो वाटतो.

अलीकडचे उदाहरण पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे १,५०० ग्रंथ वाचून त्यांतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या करण्यात आल्या, त्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. पहिला खंड निघाला तो १९७६ साली. चिठ्ठीवर काय टिपायचे, संदर्भ कसा द्यायचा याची शिस्त नसती, तर तो ढीग रद्दीत गेला असता. हे काम करणारे संस्कृतचे जाणकार होते. त्यांनाही टिपणाची पद्धत घालून द्यावी लागली, पण उमेळ्याच्या नववीतल्या मुलाला ती उपजत यावी अशी या पक्षाची अपेक्षा आहे.

इथे घोकंपट्टी आणि आकलन हा जुना वाद हटकून उकरला जातो. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा खेळला गेला आहे. आकलनवाल्यांनी घोकण्याबरोबर पाढेही बाहेर काढले. घोकंपट्टीवाल्यांनी पाठांतर ठेवले, पण त्यातला कस घालवला. पंतोजी मुलाला उभा करून न बघता म्हणायला लावत; आजचा विद्यार्थी झेरॉक्सवर पिवळा रंग फासत तीच ओळ पाचव्यांदा वाचतो आणि पाठ झाली असे समजतो. फरक इथेच आहे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी कशी टिकते, हे मोजून दाखवले. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवणारे. तयार नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्री इतक्या गुणकारी का वाटतात आणि जूनमध्ये पुढच्या वर्गात त्यांचा मागमूस का उरत नाही, याचा उलगडा यातच आहे.

या पक्षातले काही जण वाचलेलेही असतात. ते २०१३ सालचा डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा आढावा पुढे करतात. त्यात अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून सारांशलेखनाला कमी उपयोगाचे ठरवले आहे, मग ते शिकवता कशाला, असा सवाल येतो. त्याच आढाव्यात पुन्हा वाचणे आणि अधोरेखन यांनाही तोच शेरा मिळाला आहे, हे सांगायचे राहून जाते. स्वतःला प्रश्न विचारणे आणि अभ्यास अंतराने विभागणे या दोहोंना सर्वांत वरचा दर्जा आहे, तेही राहते. सारांशाबद्दलचे कारण तर साफच गळते: ज्यांना सारांश करता येतो त्यांना त्याचा फायदा होतो, पण बऱ्याच विद्यार्थ्यांना आधी तो भरपूर शिकवावा लागतो. म्हणजे शिकवू नये म्हणून दिलेला पुरावा शिकवायला हवे हेच सांगतो.

फोन दोन क्षणांत सारांश काढून देतो, हा आक्षेप सर्वांत नवा. काढून देतो, पण त्याने तो फोनचा अभ्यास होतो.

तयार टिपण कुठे फसते याचा नमुना वसईच्याच इतिहासात आहे. वसईचा तह एक नव्हे, दोन आहेत. पहिला डिसेंबर १५३४ चा: हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली. दुसरा ३१ डिसेंबर १८०२ चा: यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर दुसरा बाजीराव वसईला आला आणि इंग्रजांची तैनाती फौज पत्करून बसला. मध्ये मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. उतरवून घेतलेल्या नोट्समध्ये ‘वसईचा तह’ या मथळ्याखाली पाच मुद्दे असतात. ते पाठ केलेला विद्यार्थी पोर्तुगीजांना तैनाती फौज देऊन मोकळा होतो. किल्ला त्याच्या घरापासून जवळ असला तरी उपयोग होत नाही.

हेच पान मुलाने स्वतः केले तर वेगळे दिसते. डावीकडे अरुंद पट्टी, तिच्यात फक्त प्रश्न: कोणाकोणात? कोणाच्या भीतीने? कोणाचे फावले? उजवीकडे दोन्ही तहांची तुटक उत्तरे शेजारी शेजारी, पूर्ण वाक्ये नाहीत. तळाशी दोन ओळी: दोन्ही वेळा दुसऱ्याच्या धाकाने सही झाली, दोन्ही वेळा फायदा समुद्रापलीकडून आलेल्यांचा झाला. या दोन ओळी कोणत्याही मार्गदर्शकात छापलेल्या नसतात, त्या पानावर दोन्ही तह शेजारी आल्यावरच सुचतात. उजळणीच्या वेळी उजवी बाजू हाताने झाकून डावीकडचे प्रश्न सोडवायचे. ही मांडणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रूढ केली आणि १९६२ च्या त्यांच्या पुस्तकातून ती पसरली. ती चालवायला पट्टी आणि पेन्सिल पुरते.

शिकवायचे ते एवढेच, आणि ते पाचवीपासून शिकवता येते. स्वतंत्र विषय नको, नाहीतर त्याच्याही तयार नोट्स निघतील. इतिहास, विज्ञान, भूगोल यांच्या चालू तासालाच एखादा परिच्छेद घ्यावा, पुस्तक मिटायला लावावे, आठवेल ते लिहून घ्यावे, मग पुस्तक उघडून सुटलेले वेगळ्या शाईने भरावे. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. स्वतःच्या शब्दांत लिही म्हटल्यावर मुलाचे शब्द वाडवळी किंवा कादोडी असतील तर असू द्यावेत. टिपण त्याचे आहे, उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत झाली म्हणजे झाले. कृतिपत्रिकेत आकृत्या आणि चौकटी आखून मिळतात, मुलाने फक्त मोकळी जागा भरायची असते. वर्गात निदान कधीतरी ती आकृती त्यालाच काढू द्यावी.

तपासण्याचे काम वाढते हे मान्य करायला हवे. साठ मुलांच्या वर्गात दर आठवड्याला दहा-बारा वह्या पाहिल्या, तर एका सत्रात प्रत्येक वही दोन-तीनदा हाताखालून जाते. शिक्षकाने त्यात शुद्धलेखन न बघता दोनच गोष्टी बघाव्यात: डावीकडे प्रश्न आहेत का, आणि उजवीकडची वाक्ये पुस्तकातून जशीच्या तशी उचललेली नाहीत ना.