नवजात शिशूचा लंगोट आणि आपली चूर्णे

बाळ दहा-बारा दिवसांचे झाले की घरातील एखादे वडीलधारे माणूस वैद्याकडे किंवा औषधालयात येते व म्हणते, “लंगोटाच्या जागी लाल झाले आहे, काही पावडर द्या.” आपणही फारशी चौकशी न करता पुडी पुढे करतो. नवजाताच्या लंगोटात कोणतेही चूर्ण घालू नये, मग ते सुगंधी असो वा शास्त्रोक्त, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत अहिपूतनेचा हेतू सांगताना मलमूत्राने लिप्त झालेला गुदभाग न धुणे यावरच बोट ठेवले आहे. निदानपरिवर्जन सोडून आपण वर चूर्ण भुरभुरवितो, हे कोणते शास्त्र? चरकाचार्य शारीरस्थानात मलमूत्राने दूषित वस्त्रे वर्ज्य करावयास सांगतात. दुसरी नसल्यास तीच उत्तम धुऊन, धूपन करून, वाळवून वापरावीत, असे म्हणतात. (धूपन वस्त्रांचे सांगितले आहे, बाळालाच धुरीवर धरण्याची प्रथा त्यातून निघत नाही.)

टंकणाविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. टंकणाची लाही केल्याने त्यातील पाणी उडते, बोरॉन तसाच राहतो. फुटलेल्या त्वचेतून तो शोषला जातो आणि नवजाताचे अपरिपक्व वृक्क त्याचा निचरा लवकर करू शकत नाहीत. लंगोटाच्या पुरळावर बोरिक पावडर वापरल्याने अर्भके दगावल्याच्या नोंदी विसाव्या शतकातील वैद्यकीय वाङ्मयात आहेत. फ्रान्समध्ये १९७२ साली हेक्झाक्लोरोफिन चुकून मिसळल्या गेलेल्या बाळांच्या पावडरीने ३६ बालके मृत्युमुखी पडली. साध्या शंखजिऱ्याची धूळही श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसांत जाते.

मग मातेला सांगावे काय? लंगोट अथवा डायपर दर दोन-तीन तासांनी, आणि शौच झाल्यावर तत्काळ बदलावा. आधी हात साबणाने धुवावेत, सर्व साहित्य जवळ घ्यावे. उंच जागी बाळावरचा एक हात क्षणभरही काढू नये. पाय घोट्याशी धरून ओढून वर उचलू नयेत. खुब्याच्या सांध्यास ते हितकारक नाही. कोमट पाणी व कापूस पुरेसा आहे. मुलीचे अंग पुढून मागे पुसावे. मुलाची शिश्नत्वचा मागे ओढू नये. परिवर्तिका कशी उत्पन्न होते हे वैद्यांस सांगणे नको. जांघेच्या घड्या टिपून कोरड्या कराव्यात, घासू नयेत, आणि काही मिनिटे अंग उघडे ठेवावे. नाळ गळून पडेपर्यंत डायपरची कड तिच्या खाली दुमडावी. नाळेवर हळद, राख, तेल काही नको. पहिल्या दिवसांतील काळसर चिकट मल निघत नसेल, तर खोबरेल तेलाचा बोळा वापरावा. त्वचा लालसर असेल, तर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर द्यावा.

शास्त्रात या व्याधीवर त्रिफला-खदिरादि कषायही आहे आणि तुत्थ-हरतालयुक्त लेपही आहे. पहिला गाळून, कोमट करून प्रक्षालनास योजता येतो. दुसरा नवजातास कोणीही योजू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. स्टिरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे ‘खाजेचे मलम’ म्हणून बाळासाठी देऊ नयेत. बंद डायपरखाली स्टिरॉइडचे शोषण वाढते. २०१८ साली अशी अनेक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली गेली, ती उगाच नव्हे. घड्यांतही लाली असेल व भोवती लहान लाल ठिपके दिसत असतील, तर बुरशीचा संसर्ग संभवतो. तीन दिवसांत उतार पडला नाही, पू वा फोड आले, नाळेभोवती लाली पसरली, बाळास ताप आला किंवा ते दूध ओढेनासे झाले, तर पुडी न बांधता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.