दोष नळीचा, बिल फिल्टरचे

डिझेल गाडीचा पिवळा दिवा लागला की थेट नवा फिल्टर सुचवणे हा निव्वळ आळस आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर रुळला, त्याच्याबरोबर दाब मोजणारा चिमुकला सेन्सरही. फिल्टरच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक अशा दोन बारीक नळ्या त्याला मिळतात. दाबातला फरक वाढला की काजळी वाढली, एवढेच त्याला कळते. नळी तडकली किंवा बुजली तर तो खोटी साक्ष देणारच! इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा, स्कॅनरवर आकडा पाहा. शून्याच्या आसपास नसेल तर संशयित सेन्सर किंवा त्याची वायर. असेल तर नळ्या उतरवून तपासा. ‘सात रस्ता ते नवी पेठ एवढीच आमची धाव, फिल्टर खरोखरच तुंबतो,’ असे सोलापूरकर म्हणतील. रास्त आहे, काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते, ते सिग्नलवर कुठून मिळणार? त्यासाठी पुणे महामार्गावर मोहोळपर्यंत एका वेगात जाऊन यावे. पण सेन्सरच बिघडला असेल तर गाडी काजळी जाळायला घेईलच असे नाही, म्हणून आधी तो तपासा. फिल्टर कापून पोकळ नळी बसवणाऱ्या बहाद्दरांचे तर बोलूच नये. ते बेकायदा आहे, आणि धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकात जातो. तेव्हा गॅरेजवाल्याने फिल्टरचे एस्टिमेट हातात ठेवले, तर आधी तो बंद इंजिनाचा आकडा दाखवायला सांगा.